मावशींनी न काढलेला चौकोन

बेकरीत माणसं बरीच होती, पण गिऱ्हाईक दारातून मान आत घालून विचारायचं ते एकाच माणसाबद्दल. "वळणमावशी आहेत ना आज?" मावशी असल्या तर केकची ऑर्डर द्यायची. नसल्या तर पाव घ्यायचा आणि उद्या परत यायचं.

वळण म्हणजे अक्षराचं वळण. केकवर क्रीमनं नाव घालायचं काम मावशी तरुणपणापासून करत होत्या. आधी थोरल्या मालकांच्या हाताखाली, आता त्यांच्या लेकीच्या. प्लॅस्टिकचा कोन मुठीत धरायचा, श्वास रोखायचा आणि एका दमात ओळ पुरी करायची. वेलांटी अशी, की बघणाऱ्याची मान आपोआप तिच्याबरोबर वळावी. 'ळ'च्या शेपटीला असा काही डौल, की एका गिऱ्हाइकानं म्हणे केक कापताना 'ळ' तेवढा वगळला आणि बशीत ठेवून दोन दिवस नुसता बघितला. खरंखोटं देव जाणे. मावशींनी मात्र ही गोष्ट कुणाला खोटी म्हणू दिली नाही.

त्यांची एक सवय होती. केक पुठ्ठ्यावर ठेवायच्या आधी त्या पुठ्ठ्याच्या मधोमध क्रीमचा एक ठिपका ठेवायच्या. वर केक बसला की ठिपका दिसेनासा व्हायचा.

"मावशी, हे कशाला? केक घसरू नये म्हणून?" मालकिणीनं एकदा विचारलं होतं.

"देवाचा आहे तो," मावशी म्हणाल्या. "पहिलं अक्षर त्याचं. आणि केक घसरत नाही ते वेगळंच."

असं सगळं छान चाललेलं असताना गेल्या वर्षभरात मावशींचा उजवा हात थरथरायला लागला. सकाळी बरा असायचा. ऊन चढलं की अंगठ्याजवळ बारीक कंप सुरू व्हायचा, जणू आत कुणी शिलाई मशीन चालवतंय. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "काळजीचं काही नाही, वयाचं आहे, चहा कमी करा." मावशींनी चहा कमी केला, हात काही ऐकेना. मग त्यांनी युक्त्या काढल्या. दुपारच्या ऑर्डरी सकाळी उरकायच्या. लांब मजकूर असला की गिऱ्हाइकाला गोड बोलून छोटा करायला लावायचा. "अहो, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' काय लिहायचं, ते सगळेच लिहितात. 'शंभरी गाठ' लिहू, झोकदार दिसतं." गिऱ्हाईक खूश, मावशींची निम्मी अक्षरं वाचली.

पण एक गिऱ्हाईक असं होतं की तिथे एकही युक्ती चालणारी नव्हती. ते म्हणजे त्यांची थोरली बहीण, अक्का.

अक्का निवृत्त शाळामास्तरीण. धाकट्या बहिणीला पहिलं अक्षर अक्कानंच गिरवायला लावलं होतं, स्वयंपाकघराच्या जमिनीवर, खडूनं, हातावर हात धरून. दर वाढदिवसाला मावशी अक्कासाठी केक न्यायच्या आणि त्यावर दरवर्षी एकच मजकूर असायचा: 'अक्कास, धाकटीकडून'. आणि दरवर्षी अक्का चष्मा पुसून, केकवर वाकून, वह्या तपासल्यासारखा तो तपासायची. "धा चांगला. टी चांगली. डू जरा पोटात भरलाय." मगच सुरी हातात. साऱ्या गावानं वाहवा केली तरी मावशींना ती वाहवा वाटायची नाही. अक्का "चांगलं" म्हणाली की त्यांचं वर्ष सुखाचं जायचं. त्या अक्काच्या डोळ्यांसमोर थरथरलेला 'क' ठेवायचा कसा? अक्काचे डोळे वयानं अधू झाले होते खरे, पण अक्षराच्या बाबतीत घारीचे होते.

त्याच सुमारास मालकिणीनं केकवर लिहिणारं मशीन आणलं. टेबलावर मावेल एवढं, वर एक नळी. संगणकावर मजकूर टाकायचा, नळी इकडून तिकडे फिरते आणि क्रीमची अक्षरं पडतात. मावशींना राग येईल म्हणून मालकिणीनं ते आठवडाभर कापडाखाली झाकून ठेवलं. मावशी त्या कापडाकडे बघायच्या आणि मनात म्हणायच्या, आपले दिवस भरले वाटतं. दोघी एकमेकींशी हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या.

शेवटी कापड निघालं, मशीन चाललं, आणि अक्षरं पडली ती एखाद्या बसस्टॉपच्या पाटीसारखी. सरळ, जाड, ठोकळेबाज. पहिल्याच गिऱ्हाइकानं नाक मुरडलं. "हे नको हो. मावशींचं अक्षर पाहिजे."

त्या दिवशी मावशींनी भाचीला फोन केला. भाची म्हणजे अक्काची मुलगी. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करायची, आणि मावशीची लाडकी होती. हात थरथरतो ही गोष्ट मावशींनी पहिल्यांदा आणि एकटीलाच सांगितली. सांगताना आधी तीनदा "आईला बोलू नकोस हं" झालं.

भाची म्हणाली, "मावशी, मशीनला तुझंच अक्षर शिकवू या की!"

"त्याला काय शिकवणार? माझ्यासारखं चहा सोडायला?"

"तू एकेक अक्षर काढ. मी फोटो घेते, त्याचा फॉन्ट करते. मग मशीन लिहील, पण वळण तुझं."

मग रोज सकाळी, हात शांत असेपर्यंत, मावशी संगमरवरी फळीवर बटर पेपर पसरायच्या, देवाचा ठिपका ठेवायच्या आणि अक्षरं काढायच्या. अ पासून ज्ञ पर्यंत. काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार. जोडाक्षरं निघाली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"एवढी जोडाक्षरं कुणी काढून ठेवलीत गं?"

"भाषेनं, मावशी."

"तिला काय, तिचा हात थोडाच दुखतो!"

तरीही त्या मनापासून काढत होत्या. आपण गेल्यावरही या गल्लीतल्या पोरांच्या केकवर आपला 'ळ' शेपटी उडवत राहणार, हा विचार त्यांना फार गोड वाटला. पूर्णविराम काढला, स्वल्पविराम काढला, उद्गारचिन्ह तर इतकं ठसकेबाज काढलं की भाची म्हणाली, "हे तुझ्यासारखंच दिसतंय."

भाचीनं सगळं जुळवलं. एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांची यादी, लिहिली. आपण साध्या फाइलीत मजकूर टाइप करून ठेवायचा, स्क्रिप्ट ती फाइल उघडते, वाचते, मावशींच्या अक्षरांतून नळीला वाट दाखवते, आणि केकचा आकार बघून अक्षरं लहानमोठी करते. तिनं आपला लॅपटॉप मशीनला जोडून 'वा मावशी!' लिहून दाखवलं. हुबेहूब! मालकीण टाळ्या वाजवायला लागली. मावशींनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "क्रीमचा वास डोळ्यांत गेला."

भाचीनं ती स्क्रिप्ट बेकरीच्या संगणकावर चढवली. हा संगणक थोरल्या मालकांच्या वेळचा, सुरू होताना घसा खाकरल्यासारखा आवाज करणारा. सगळे त्याला आजोबा म्हणायचे. भाची घाईत होती. "चालेल, माझ्याकडे चाललंय ना," म्हणून ऑफिसला निघून गेली.

अक्काचा वाढदिवस उजाडला. संध्याकाळी चहाला केक न्यायचा होता. त्याआधी सकाळी दुसरी एक ऑर्डर होती, फरशीवाल्या मिस्त्रींची. त्यांनी स्वतःचं फरशीचं दुकान काढलं होतं आणि केकवर 'नव्या दुकानाला, मनापासून शुभेच्छा' हवं होतं. मावशींनी मजकूर फाइलीत टाइप केला, पुठ्ठ्यावर ठिपका ठेवला, वर केक ठेवला, हात जोडले आणि बटण दाबलं.

नळी चालली. मोठ्या ऐटीत चालली. आणि केकवर पडला एक चौकोन. त्याच्या शेजारी दुसरा चौकोन. मग तिसरा. चौकोनच चौकोन! मजकूर मावेना म्हणून मशीन ते बारीक बारीक करत गेलं आणि ओळींमागून ओळी रचत गेलं. एकसारखे, नीटनेटके, केक भरून. त्या चौकोनांच्या गर्दीत एकच ओळखीचं माणूस होतं, मावशींनी स्वतः काढलेला स्वल्पविराम. तो आपला बिचारा मधेच शेपूट वळवून उभा.

"अगंबाई!" मावशी मटकन स्टुलावर बसल्या. "मी चौकोन काढलाच नाही! शपथेवर सांगते, एवढी अक्षरं काढली, त्यात चौकोन नव्हताच. यानं कुठून आणला?"

मालकिणीनं वाकून बघितलं. "तुमचा नाही खरंच. तुमच्या चौकोनाला शेपूट असती."

तेवढ्यात दारात फरशीवाले मिस्त्री. केक झाकायलाही वेळ मिळाला नाही. मिस्त्री पुढे आले, बघत राहिले. मावशींनी तोंड उघडलं, "मिस्त्री, जरा चूक..."

"चूक?" मिस्त्रींचा चेहरा उजळून निघाला. "मावशी, हे तुम्हाला सुचलं कसं? फरशी! आख्खी फरशी बसवलीत केकवर! आणि सांधे बघा, सांधे! एक सूत इकडे तिकडे नाही. आणि हा मधला बाक काय?"

"तो... स्वल्पविराम आहे."

"असू दे, असू दे. फरशीत एखादा तुकडा वाकडा लागतोच." मिस्त्री केक उरापोटाशी धरून गेले. कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी तो रस्त्यावरच्या दोघातिघांना दाखवलेला मावशींनी खिडकीतून बघितला.

एक गिऱ्हाईक असं सुटलं. पण अक्का काही फरशी बसवत नव्हती. मावशींनी भाचीला फोन लावला.

"चौकोन?" भाची म्हणाली. "मावशी, तू कुठलं तरी अक्षर काढायचं विसरली असशील. फॉन्टमध्ये अक्षर नसलं की त्या जागी चौकोन येतो."

"एक विसरेन, दोन विसरेन. सगळीच विसरले का गं? तुझ्यासमोर 'वा मावशी' आलं ते काय देवदूतांनी काढलं?"

भाची ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली. तोवर मावशींनी कोन उचलून बघितला होता, निदान अक्काचा केक हातानं करावा म्हणून. पण सकाळच्या धसक्यानं हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. पुठ्ठ्यावर काढून पाहिलेला 'अ' थंडीत उघड्यावर उभा केल्यासारखा दिसत होता. मालकिणीनं तो बघितला. मावशींनी पटकन बोटानं पुसला. 

भाचीनं फाइलीत नुसतं 'आई' लिहिलं आणि रिकाम्या पुठ्ठ्यावर मशीन चालवलं. सहा चौकोन.

"आईला सहा खोल्या," मालकीण म्हणाली. "एवढं घर असतं तर काय!"

"दोन अक्षरं आणि चौकोन सहा," मावशी पुटपुटल्या. "सकाळपासून हेच. मिस्त्रींच्या केकवर पण असेच भरमसाट आले. माझं एक अक्षर, त्याला तीन घरं."

भाचीनं जीभ चावली आणि मग एकदम हसत सुटली. हसता हसता तिनं आजोबांच्या डोक्यावर थाप मारली. "मी गाढव आहे. शुद्ध गाढव."

"आधी गाढवाला काय कळलं ते सांग."

"अगं, संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडे दिसतात. आपलं एक अक्षर म्हणजे तीन आकड्यांचा गठ्ठा. माझा लॅपटॉप नवा आहे, तो तीन-तीनचा गठ्ठा करून वाचतो. पण हे आजोबा जुन्या काळातले. त्यांच्या काळी एक आकडा म्हणजे एक अक्षर, तेही परदेशातलं. त्यांनी गठ्ठा सोडला आणि एकाची तीन परकी अक्षरं केली. ती परकी अक्षरं तू कशाला काढशील? म्हणून चौकोन. स्वल्पविराम तेवढा दोघांच्या काळात सारखाच, म्हणून तो तुझा आला."

"मग तू आजोबांना सांगितलं नव्हतंस का, गठ्ठ्यानं वाचा म्हणून?" मालकिणीनं विचारलं.

"तेच तर राहिलं! स्क्रिप्टमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे आकडे कुठल्या पद्धतीनं वाचायचे ते, सांगायचं असतं, यूटीएफ-एट म्हणून. एक शब्द जास्त लिहायचा. माझ्याकडे न सांगता चालत होतं, म्हणून मी धरून चालले की सगळीकडे चालेल. न सांगितलं की जो-तो आपल्या घरची सवय धरतो."

मावशी आजोबांकडे जरा मायेनं बघत म्हणाल्या, "त्यांची काय चूक? देवाला न सांगता कळतं. बाकी सगळ्यांना तोंड उघडून सांगावं लागतं."

"आणि मला वाटलं तुझा ठिपका राहिला म्हणून झालं असं म्हणशील!"

"ठिपका ठेवला होता. त्याच्याशिवाय मिस्त्री खूश झाले असते होय?"

भाचीनं तो एक शब्द लिहिला. पुन्हा 'आई'. नळी हलली, आणि पुठ्ठ्यावर मावशींचा 'आ' उतरला, त्याच्या मागून 'ई', डोक्यावरच्या रफारासारख्या झुपक्यासकट. मावशींचा जीव भांड्यात पडला. अक्काच्या केकखाली त्यांनी ठिपका ठेवला, थरथरत्या हातानंच, आणि 'अक्कास, धाकटीकडून' एका दमात उतरलं. एकही रेघ हललेली नव्हती.

संध्याकाळी अक्काच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर केक ठेवला. अक्कानं चष्मा पुसला. वाकली. मावशींनी दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर घट्ट धरले. भाची कपाटातल्या बश्या उगीचच परत परत मोजत होती.

अक्काचं तपासणं नेहमीपेक्षा लांबलं.

"अक्षर तुझं," अक्का शेवटी म्हणाली. "हात तुझा नाही."

"म्हणजे काय?"

"'धाकटीकडून'मध्ये दोन 'क' आहेत. जुळे. जन्मात तू दोन 'क' सारखे काढले नाहीस, धाकटे. पहिल्याचं पोट मोठं, दुसऱ्याचं लहान. शाळेत असल्यापासून सांगून सांगून थकले मी." अक्का मागे वळली. "आणि तू गं, बश्या मोजतेस का पाढे म्हणतेस? हे तुझं काम दिसतंय."

भाचीनं बश्या खाली ठेवल्या. आता लपवण्यात काही राम नव्हता. मावशींनी टेबलाखालचा उजवा हात वर काढला आणि केकशेजारी ठेवला. हात हलत होता. चमचा बशीवर किणकिणायला लागला.

"वर्ष झालं," मावशी म्हणाल्या. "तुला काय तोंड दाखवू असं झालं होतं."

"मला माहीत आहे."

"काय?"

"गेल्या वर्षीच्या केकवर 'टी'ची वेलांटी कापत होती. मी चांगली म्हटलं. म्हटलं, धाकटी आपण होऊन सांगेल. तू सांगेनास, मी विचारेना. वर्षभर मी फोनवर हात कसा आहे सोडून सगळं विचारलं तुला, अगदी शेजारच्या मांजरीचंसुद्धा."

"तरीच मांजरीची एवढी चौकशी!"

भाचीला हसू आवरेना. "आजोबांपेक्षा तुम्ही दोघी भारी आहात," ती म्हणाली.

"कोण आजोबा?" अक्कानं विचारलं, आणि मग सगळी चौकोनांची कथा, मिस्त्रींसकट, तिला सांगावी लागली. आईच्या सहा खोल्यांपाशी अक्का इतकी हसली की तिचा चष्मा केकमध्ये पडता पडता राहिला.

हसून झाल्यावर तिनं हात पुढे केला. "कोन आणलायस?"

मावशींच्या पिशवीत कोन नेहमी असायचाच. अक्कानं तो मावशींच्या मुठीत दिला आणि वरून आपली मूठ धरली, खडू धरला होता तशी. अक्काचाही हात आता काही फार स्थिर नव्हता. दोन थरथरी एकमेकींत मिसळल्या, आणि केकच्या कडेला, उरलेल्या जागेत, एक 'ळ' उतरला. शेपटी दोनदा थांबली, एकदा घसरली आणि शेवटी भलतीकडेच वळून उभी राहिली.

अक्कानं बारकाईनं तपासला. "वाईट आहे," ती म्हणाली. "पण तुझा आहे. चांगला." मग सुरी मागितली. 'ळ' तिनं कुणालाही दिला नाही, स्वतःच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मालकिणीला हाताचं सांगून टाकलं. मालकीण म्हणाली, "काल पुठ्ठ्यावरचा 'अ' बघून कळलं मला. पण मावशी, मशीन आणलं म्हणून तुम्ही रागावलात असं मी धरून बसले होते. कापड घालून ठेवलं ते काय उगीच?"

"मी ते कापड माझ्यावरच टाकलंय असं समजले," मावशी म्हणाल्या. दोघींनी मिळून ते कापड धुतलं आणि त्याचं पुसणं केलं.

आता बेकरीतल्या केकवरची अक्षरं मशीन लिहितं, मावशींच्या वळणानं. ठिपका मात्र मावशीच ठेवतात. मजकूर छोटा करायला त्या कुणाला सांगत नाहीत. उलट 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'च्या पुढे आणखी दोन ओळी सुचवतात. गिऱ्हाइकं विचारतात, "मावशी, हात एवढा सुरेख कसा हो?" तेव्हा त्या स्वच्छ सांगतात, "हात मशीनचा, अक्षर माझं, आजोबांचं वाचन. आणि भाचीनं तिघांची ओळख करून दिली."

एकच ऑर्डर अशी आहे जी मशीनला जमत नाही. फरशीवाल्या मिस्त्रींच्या दुकानाला वर्ष झालं तेव्हा ते पुन्हा आले. "गेल्या वेळेसारखीच फरशी पाहिजे."

मालकिणीनं भाचीला फोन केला. भाची म्हणाली, "आता नाही येणार. आता आजोबा नीट वाचतात. आणि मावशीनं चौकोन काढलेलाच नाही!"

मग मावशींनी पदर खोचला, कोन उचलला, देवाचं नाव घेतलं आणि सगळे चौकोन हातानं घातले. सकाळची वेळ होती, तरी हात हलायचा तेवढा हललाच. मधोमध एक स्वल्पविराम काढला, तो मात्र फक्कड जमला.

मिस्त्रींनी केक डोळ्यांच्या पातळीला धरला आणि एक डोळा मिटला. "मावशी, यंदा फरशी जरा हललीये."

"मिस्त्री," मावशी म्हणाल्या, "आमच्या न्हाणीघरात तुम्ही बसवलीत ती पण हलते. मी कधी बोलले का?"

मिस्त्री केक घेऊन हसत हसत निघाले. दारात थांबून म्हणाले, "बोलायचं होतंत की. उद्या येऊन बसवून देतो."